नानांचं हसरं शीड

नानांच्या दारात गेलं की आधी प्रश्न. "वारा कथाईन येस?" वारा कुठून येतोय, एवढंच. पण तो प्रश्न सगळ्यांना असायचा, आणि उत्तर चुकलं तर त्या माणसाच्या चहात आलं पडायचं नाही. गॅसवाला, पोस्टमन, मीटर बघायला येणारा, कुणालाही सूट नव्हती. पुतणीला बघायला शिरपूरहून पाहुणे आले तेव्हा मुलाच्या मामाने हसत हसत वर बोट दाखवून 'पंख्यातून' असं सांगितलं. नाना हसले नाहीत. मामाला बिनआल्याचा चहा मिळाला आणि निघताना नानांनी मुलाच्या बापाला बाजूला घेऊन विचारलं, "पोऱ्या तुमनावर गया का मामावर?" लग्न जमलं ते नानांच्या वहिनीच्या, म्हणजे त्या पुतणीच्या आईच्या, पुण्याईने.

त्यामुळे आमच्या गल्लीत एक सवय लागली होती. नानांचं फाटक ढकलण्याआधी माणूस मागे वळून वीज केंद्राच्या चिमण्यांकडे बघायचा. भुसावळात धूर कुठे वळलाय ते कुठूनही दिसतं. धूर बघायचा, मनाशी उत्तर पक्कं करायचं आणि मग कडी वाजवायची. नवीन माणसाला वाटायचं इथे काहीतरी नवस-बिवस असेल.

मी त्यांच्याकडे वरच्या दोन खोल्यांत भाडेकरू म्हणून आले. गणित शिकवते. लग्न केलेलं नाही, आणि का केलं नाही असं विचारणाऱ्याला मी चहाच देत नाही, आल्याची गोष्ट लांब. खोली बघायला गेले तेव्हा चिमणीची युक्ती मला कुठली माहीत असायला? पण मी असोद्याची. आमची केळी. ज्यांच्या घरी केळी आहेत त्यांना वारा विचारावा लागत नाही. वैशाखात वारा जरा चढला की आमचे आबा हातातला घास ताटात ठेवायचे आणि ओट्यावर जाऊन उभे राहायचे. घड लागलेली झाडं एका संध्याकाळी आडवी झालेली मी लहानपणी पाहिली आहेत. दुसऱ्या दिवशी बांधावर उभी असलेली आई मला अजून दिसते, ती रडत नव्हती, नुसती उभी होती. तेव्हापासून मला वाऱ्याची भीती बसली.

तर नानांनी विचारलं आणि मी म्हणाले, "मावळतीकडून. पण तो टिकणार नाही, दुपारनंतर पडेल."

नानांनी चष्मा पुसला. चष्मा ते फार पुसायचे, त्याचा उपयोग काही नव्हता. मग आत वळून, त्याच घरात राहणाऱ्या वहिनींना म्हणाले, "आलं जास्ती टाका." आणि माझ्याकडे वळून, "तुम्ही नाव चालाडा."

नाव म्हणजे होडी आणि चालाडा म्हणजे चालवा, हे मला जरा उशिरा कळलं. मी म्हणाले, "नाना, मला पोहता येत नाही."

"पोहाले कोन सांगस?" नाना म्हणाले.

आता त्यांच्या डोळ्यांचं सांगते. नानांना दिसत नाही हे सगळ्या गल्लीला माहीत होतं, एक नाना सोडून. काचबिंदूने कडेकडेने नजर खाल्ली होती आणि मधे जे उरलं होतं तेही धुरकट. गच्चीत वाळत घातलेल्या माझ्या साडीला त्यांनी एकदा "मास्तरीनबाई, जेवण व्हयनं का?" असं विचारलं आणि साडी बोलली नाही म्हणून माझ्यावर रुसले. जिना उतरताना कुणी हात पुढे केला की त्यांचं ठरलेलं वाक्य यायचं, "माले बठ्ठं दिसस." मला सगळं दिसतं. डॉक्टरलाही त्यांनी तेच सांगितलं होतं. डॉक्टरने भिंतीवरची अक्षरं वाचायला लावली तर म्हणाले, "इतलं बारीक काब्र लिखेल शे? कागद महाग शे का?"

माणूस शिंदखेड्याकडचा. लहानपणी गावात पाण्याचा टँकर आला की शाळा सुटायची, असं ते सांगायचे. त्यातलं शाळा सुटायची हे ते फार आनंदाने सांगायचे. तरुणपणी कुणाच्यातरी ओळखीने गुजरातेत मिठागरावर मुकादम म्हणून गेले आणि तिथे मीठ वाहणाऱ्या गलबतांवर शीड कसं धरायचं ते शिकले. पुढे पाटबंधारे खात्यात नोकरी लागली आणि ते इकडे परतले, पण शीड डोक्यातून गेलं नाही. निवृत्त झाल्यावर तापीच्या धरणामागे जे पाणी पसरलंय तिथल्या एका मासेमाऱ्याची जुनी फायबरची होडी घेतली. तिला लोखंडी पाइपाची डोलकाठी उभी केली. आणि शिवणाऱ्याकडे जाऊन शीड शिवून घेतलं ते कशाचं, तर फ्लेक्सचं.

हे माझ्या फार आवडीचं आहे. वाढदिवसाच्या शुभेच्छांचे जे बॅनर चौकाचौकात लागतात त्यातला एक वादळात पडला होता, तो नाना घेऊन आले. चिवट, पाणी धरत नाही, फुकट. कापून तिकोनी केलं तेव्हा बाकीचे कार्यकर्ते गेले आणि मधोमध एकटे भावी नगरसेवक उरले, गळ्यात साखळी, डोळ्यांवर काळा चष्मा, तोंडभर हसू. म्हणजे दर रविवारी सकाळी तापीच्या पाण्यावरून एक भावी नगरसेवक हसत हसत जायचे. काठावरचे शेतकरी मोटर चालू करायला यायचे ते हात जोडायचे. खरे साहेब निवडणूक हरले, पण पाण्यावर त्यांचा प्रचार चालूच राहिला.

एका रविवारी नानांनी होडी नेऊन घातली ती एका शेतकऱ्याच्या मोटरीच्या तराफ्यावर. पाइप तुटला, नाना पाण्यात. नारिंगी जाकीट अंगात होतं म्हणून तरंगले. त्या शेतकऱ्याने त्यांना ओढून काढलं, पंचा दिला, चहा पाजला आणि मग पुण्याला नानांच्या मुलाला फोन लावला. इतका मोठा तराफा दिसला कसा नाही असं विचारलं तर नाना म्हणाले, "दिसना. पन तो आठे राहाले नही पायजे व्हता." दिसला, पण तो इथे असायला नको होता.

मुलगा दुसऱ्याच दिवशी आला. चांगला मुलगा आहे, मी त्याला नावं ठेवणार नाही. तो बापावर ओरडला नाही. त्याने वहिनींसमोर शांतपणे सांगितलं की होडी विकायची आणि नानांनी पुण्याला यायचं. "अकराव्या मजल्यावर आहे आमचं घर. वारा भरपूर आहे, नाना."

"पानी कोठे शे?" नाना म्हणाले.

मुलाने माझ्याकडे बघितलं. मी दाराशी उभी होते, मला काय गरज होती बोलायची? पण त्या म्हाताऱ्याचा चेहरा बघवेना. नाना मला आवडायचे, आता आडपडदा कशाला ठेवायचा. माझ्या तोंडून निघून गेलं, "दुसऱ्या कुणी होडी चालवली आणि नाना नुसते बसले तर?"

"कोण चालवणार?"

"मी," मी म्हणाले. झालं. होडीत अजून पायही ठेवला नव्हता.

मुलाने विचार केला आणि अट घातली. दिवाळीत तो परत येईल. मी त्याच्या डोळ्यांसमोर नानांना घेऊन घाटावरून निघायचं, पाण्यात मधे जे वाळलेलं बाभळीचं खोड आहे त्याला वळसा घालायचा आणि शिडावर परत यायचं. त्या सगळ्या वेळात नानांनी तोंड उघडायचं नाही. "मॅडम, तुम्हाला येतं की ते सांगतात म्हणून होतं, ते मला कळायला हवं ना." जमलं तर होडी राहील. नाही जमलं तर होडी जाईल आणि नाना पुण्याला. नाना चूप बसायला तयार झाले तेव्हाच वहिनी म्हणाल्या, "हा माणूस होडीसाठी काहीही करेल बाई."

तुटलेला पाइप जोडून घेतला आणि माझं शिकणं सुरू झालं. त्याची कथा काय सांगू? माझी पुरती शोभा झाली. सुकाणूचा दांडा डावीकडे ढकलला की होडी उजवीकडे जाते. एवढं साधं. मी मुलांना ऋण आणि धन शिकवते, पण हात ऐकेना. स्कूटर चालवणाऱ्या माणसाचा हात जिकडे जायचं तिकडे वळतो. पहिल्या दिवशी मी तीनदा घाटाकडे निघाले आणि तीनदा एकाच म्हशीपाशी पोचले. ती म्हैस शेवटी उठून गेली. नाना म्हणाले, "तिले समजनं. तुमले कव्हय समजी?"

शीड किती ओढायचं आणि किती सैल सोडायचं याचं गणित साहेबांच्या चेहऱ्यात होतं. दोरी सैल पडली की फ्लेक्स फडफडायचं आणि साहेबांच्या गालावर सुरकुत्या यायच्या, तोंड वाकडं व्हायचं. बरोबर ओढली की गाल भरून यायचे आणि साहेब छान हसायचे. होडी तेव्हाच चालायची. नाना पुढे पाठमोरे बसून दर थोड्या वेळाने विचारायचे, "साहेब हसस का?" मी आधी समजले की परीक्षा घेतायत. मग लक्षात आलं की बिचाऱ्यांना साहेब दिसतच नव्हते. मला विचारून ते स्वतः बघत होते. हे मी त्यांना कधी बोलून दाखवलं नाही. "हसतोय, नाना," किंवा "रडतोय," असं सांगत राहिले.

वाऱ्याच्या तोंडावर होडी जात नाही, हेही मला पटत नव्हतं. समोर घाट दिसतोय, सरळ जायला काय हरकत? नाना म्हणाले, "मास्तरीनबाई, व्याह्याकडे कधी गयात का? तठे जाईसन एकदम कामनं बोलतस का? आधी एक बाजूले बसनं, पीकपान्यानं इचारनं. मंग दुसरी बाजूले सरकनं, ल्हान पोरंसनं इचारनं. तसं करता करता चुलापर्यंत पोचनं." तशी मी तिरकी तिरकी जायला शिकले. या बाजूने थोडं, मग 'डोकं' म्हणून ओरडायचं, शिडाखालची आडवी काठी डोक्यावरून सर्रकन पलीकडे, आणि त्या बाजूने थोडं. एकदा ओरडायला विसरले आणि काठी नानांच्या टोपीला लागली. टोपी पाण्यात. नाना म्हणाले, "व्याहीनी टोपी पाडी दिन्ही."

एक गोष्ट मात्र मला जमेना. झुळूक जोरात आली की होडी कलायची आणि माझा हात दोरीवर घट्ट व्हायचा. सोडायची वेळ आली की मी आवळायची. नाना ओरडायचे, "सोडी दे, सोडी दे," आणि मी पांढरीफटक. होडी कलली की माझ्या डोळ्यांसमोर झाड आडवं होताना यायचं, दुसरं काही नाही. एका शनिवारी असोद्याला गेले तेव्हा आबांना सांगितलं. आबांना आधी मुळातच काही कळेना. "तुले काहाले पाह्यजे हे?" म्हणाले. मग जरा वेळाने, पानाला चुना लावता लावता, त्यांच्या मनात आलं ते बोलले. "केळीचं पान फाटतं ना वाऱ्यानं, ते बरंच असतं. पान फाटून वारा जाऊ देतं. ज्याचं पान फाटत नाही ते झाड मोडतं." मी असोद्यात जन्मले, वाढले, आणि हे मला आज कळत होतं. पुढच्या रविवारी झुळूक आली तेव्हा मी दोरी हातातून सरकू दिली. साहेबांचं तोंड वाकडं झालं, होडी सरळ झाली. नानांनी थर्मासमधला चहा आधी मला दिला.

दिवाळीत मुलगा आला. सकाळ चांगली होती, मावळतीचा वारा, मध्यम. मुलाने होडीत एक नवं वल्हं ठेवलं. नाना होडीत कधी वल्हं ठेवू द्यायचे नाहीत. वल्हं असलं की माणूस वाऱ्याकडे बघत नाही, असं म्हणायचे. त्या दिवशी ते काही म्हणाले नाहीत, कारण बोलायचं नव्हतं. ओठ मिटून, दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून, फोटो काढायला बसल्यासारखे बसले.

बाभळीच्या खोडापर्यंत मी झकास गेले. वळसाही घातला. मला वाटलं जिंकलं. परत येताना वारा समोरून, म्हणजे व्याह्याकडे जाणं आलं. या बाजूने थोडं, त्या बाजूने थोडं. अशी एक तिरकी फेरी मला पलीकडच्या काठाजवळ घेऊन गेली, जिथे केळीचे मळे अगदी पाण्यापर्यंत उतरले आहेत. तिथून मी वळायला हवं होतं. पण नेमका तेव्हाच वारा चढला. होडी कलली, पाणी कडेवरून आत आलं. आणि समोर मला दिसलं की मळ्याच्या कडेने वारा अडवायला गजराज गवत लावलंय, दाट, माणसाच्या दुप्पट उंच. त्याच्या आड पाणी अगदी शांत होतं. केळीवाल्याच्या पोरीला दुसरं काय सुचणार? वारा आला की आडोसा. आमच्या घरी जन्मभर हेच केलेलं. मी न वळता सरळ आडोशात शिरले.

आत शिरल्याबरोबर साहेबांचा चेहरा गळून पडला. शीड लोंबायला लागलं. होडी आणखी थोडी गेली, जलपर्णीत घुसली आणि खालची फळी, जी होडीला बाजूला घसरू देत नाही म्हणून पाण्यात उतरवलेली असते, ती गाळात रुतली. थांबलो. मग मला कळलं मी काय केलं ते. शिडाच्या होडीने वाऱ्यापासून लपायचं, म्हणजे स्कूटरवाल्याने पेट्रोलपासून लपायचं.

घाटावरून मुलाचा आवाज आला. "मॅडम, वल्हं घ्या. राहू द्या आता, वल्हं घ्या." त्याच्या आवाजात राग नव्हता, नुसती काळजी होती. वल्हं माझ्या पायाशी होतं. ते उचललं की पाच-दहा मिनिटांत सुखरूप घाटावर. आणि नाना पुण्याला.

मी नानांकडे बघितलं. त्यांना दिसत नव्हतं काही, पण आडोसा त्यांच्या गालाला कळला होता. होडी थांबलेली कळली होती. त्यांचा जबडा हलत होता, सांगायचं सगळं दाताखाली धरून ठेवलं होतं. इतका बोलका माणूस, त्या क्षणी एक शब्द बोलला असता तर मी सुटले असते. ते बोलले नाहीत.

मी फळी अर्धी वर ओढली. गाळाने फळी सोडली, पण जलपर्णीने होडी सोडली नाही. वर बघितलं तर शिडाचं टोक जरासं हलत होतं. गजराजाच्या शेंड्यांच्या वर वारा होता, आम्ही खाली होतो. होडी कलती केली तर तिचं बूड जलपर्णीतून कमी घासेल आणि तेवढ्या वाऱ्यावर निघेल, हे नानांनीच कधीतरी सांगितलं होतं. कलती. मला सगळ्यांत जास्त ज्याची भीती वाटायची तेच मुद्दाम करायचं होतं.

"नाना, माझ्या बाजूला सरका," मी म्हणाले.

त्यांना मी पहिल्यांदाच हुकूम सोडत होते. नाना चाचपडत उठले आणि माझ्या शेजारी येऊन बसले. दोघांच्या वजनाने होडी एका अंगावर कलली, पाणी कडेला लागलं. मी डोळे मिटले नाहीत. शीड आपल्या वजनाने त्या बाजूला लवंडलं, टोकात वारा भरला, मग जरा खाली, आणि जलपर्णी दोन्हीकडून चरचरत मागे सरकू लागली. मी सुकाणूचा दांडा ढकलला, उलट्या बाजूला, न चुकता. आडोसा संपला तशी वाऱ्याने होडी उचलली. फळी खाली टाकली, दोरी थोडी सोडली, मग ओढली. साहेबांचे गाल भरत आले.

नानांनी मान वर करून शिडाकडे तोंड केलं होतं. विचारायचं होतं आणि विचारता येत नव्हतं.

"हसतोय, नाना," मी म्हणाले. "चांगला दात काढून हसतोय."

नानांनी माझ्या गुडघ्यावर एकदा थोपटलं आणि हात काढून घेतला.

घाटावर मुलगा बुटांसकट पाण्यात उतरून उभा होता. होडी धरली, मला हात दिला, मग बापाला. "मॅडम, तिकडे का गेलात?" त्याने विचारलं. "चुकलं," मी म्हणाले. "केळीची सवय." मग तो नानांकडे वळला. आवाज जरा चढला, मघापासून दाबून ठेवलेली भीती आता बाहेर येत होती. "आणि तुम्ही, नाना? शब्द दिला म्हणून गप्प बसलात? होडी सरळ गवतात चालली होती. तुम्हाला दिसलं नाही का?"

आता ते वाक्य येणार म्हणून मी दुसरीकडे बघितलं. वहिनींनीही बघितलं, त्या डबा घेऊन पायरीवर बसल्या होत्या.

नानांनी टोपी काढली, झटकली, परत घातली.

"नही," ते म्हणाले. "माले काहीच दिसत नही." मग माझ्याकडे, म्हणजे माझ्यापेक्षा जरा डावीकडे, बोट करून म्हणाले, "तिले दिसस."

हे ऐकायला मुलाने किती डॉक्टर केले होते, तो किती भांडला होता. आता ऐकल्यावर तो वाकला, माझ्या हातातली दोरी घेतली आणि घाटाच्या कड्याला बांधू लागला. गाठ चुकीची बांधत होता. बांधून झाल्यावर तो उभा राहिला, बाहीने तोंड पुसलं आणि चिमण्यांकडे न बघता, नुसता गाल वळवून म्हणाला, "वारा मावळतीकडून आहे, नाना."

त्याला कुणी विचारलं नव्हतं.

नाना माझ्या दिशेने म्हणाले, "मास्तरीनबाई, याना चहामा आलं टाका."

चहा थर्मासमधला होता. आलं त्यात घरूनच घातलेलं होतं. मी मुलासाठी कप भरला आणि म्हणाले, "टाकलं, नाना."